विटेवरच्या वड्या

प्रबंधाचे परीक्षक मराठी निघाले म्हटल्यावर कलकत्त्यातल्या बालीगंजच्या घरात सुनीतीच्या आईने सकाळीच पुरण शिजत घातलं. "मुंबईचे ओकसर! आपलंच माणूस. झालीस गं डॉक्टर!" म्हणत तिने लेकीच्या हातावर दहीसाखर ठेवली. सुनीतीलाही धीर आला. चांगली चांगली स्थळं परतवून ऐन उमेदीची वर्षं तिने प्रयोगशाळेतल्या एका भट्टीपाशी काढली होती. तिची पदवी आता ओकसरांच्या सहीवर अडली होती.

काम असं, की काही धातूंची ऑक्साइडं एकत्र दळून त्यांच्या वड्या पाडायच्या आणि लाल होईतो भाजायच्या. तापलं की त्यातला थोडा ऑक्सिजन निघून जातो, जागा रिकाम्या पडतात. शेजारचा ऑक्सिजन त्या जागेत सरकतो, मग त्याची जागा रिकामी होते. असा तो घट्ट वडीतूनही वाट काढतो. सुनीतीच्या वड्यांतून तो भलताच भरभर जाई. हा त्या पदार्थाचाच गुण, असं तिने प्रबंधात ठासून लिहिलं होतं. ओकसरांनी मुंबईत तशाच वड्या केल्या, तर ऑक्सिजन हलायला तयार नाही! म्हणून तर स्वारी जातीने आली होती.

"अगं, कृती तुझीच. भाजायचं आणि हळूहळू निववायचं," भट्टीपाशी खुर्ची ओढून ते म्हणाले. "आम्ही कुठे माती खाल्ली, तेवढं दाखव."

सुनीतीचे मार्गदर्शक घोषालसर शेजारी नुसतेच हसले. त्यांना मराठी कुठे कळत होतं! महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, आणि ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

तेवढ्यात पंखा थांबला. लोडशेडिंग! कलकत्त्यात त्याचं कुणाला काय नवल? सुनीती बोलता बोलता उठली. पंप बंद पडला, म्हणजे भट्टीच्या नळीची रबरी बुचं गार ठेवणारं पाणीही बंद. तिने झटकन बूच ओढलं, लालबुंद वड्या चिमट्याने काढल्या आणि विटेवर ठेवल्या. बघता बघता त्या काळ्या पडल्या.

"हे काय केलंस?" ओकसर उठून उभेच राहिले.

"वीज गेली की काढाव्याच लागतात, सर. बुचं जळतात."

"दर वेळी?"

"इथं रोजच जाते ना..."

बोलून झालं आणि तिने विटेवरच्या वड्यांकडे पाहिलं. हळूहळू निवणारी वडी हवेतला ऑक्सिजन परत घेते, रिकाम्या जागा भरून काढते. या वड्यांना ती सवडच मिळाली नव्हती, म्हणून जागा रिकाम्याच राहिल्या आणि ऑक्सिजन भरभर गेला! चिमट्याने वड्या काढणं इतकं अंगवळणी पडलेलं, की ते लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

"हा गुण तुझ्या पदार्थाचा नाही गं," ओकसर हळूच म्हणाले. "आमच्याकडे वीज जात नाही."

"मग... फुकट गेलं सगळं?"

"फुकट नाही. पण कुठली वडी केव्हा काढलीस, कोण सांगणार? नव्याने करावं लागेल. असं असताना सही कशी करू मी?"

"घोषालसर निवृत्त झाले की ही खोली जाते. भट्टीसुद्धा."

आपलं माणूस होतं, पण खोटी सही करणारं नव्हतं.

एवढ्यात वीज आली. व्हरांड्यात पोरांनी नेहमीसारखा गलका केला. "भट्टी लाव," घोषालसर सवयीने बंगालीत म्हणाले. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं, आणि सांगायचं होतं तिलाच. सुनीती विटेपाशीच उभी राहिली. घरी एव्हाना पुरण वाटून झालं असेल, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिला रडू फुटलं.