समासातली ओळ

करक गावातल्या मुलांच्या शाळेत मी समुपदेशक आहे. अम्मानच्या विद्यापीठातून पोरांचा पुरुषपणा मोजायचे कागद आले, तेव्हा नववीच्या एकेचाळीस जणांना मी बजावलं, "नाव लिहायचं नाही." सदतीस विधानं, प्रत्येकापुढे एक ते सहा आकडा: एक म्हणजे साफ खोटं, सहा म्हणजे अगदी खरं. बेरीज जितकी मोठी, तितकं पोर मर्दपणाच्या ओझ्याखाली दबलेलं. पोरांना वाटलं, परीक्षाच आहे.

"उस्ताद, यात नापास झालो तर मुलींच्या शाळेत पाठवणार का?"

"नदीमचं दप्तर आत्ताच बांधा!"

आमच्याकडे कागद हातात पडला की स्वतःचं, बापाचं, आजोबाचं नाव आधी उमटतं. हाताला खोडच ती. पाच जणांनी लिहिलंच. चौघांची नावं मी कात्रीनं कापली. पाचवा कागद सुहैब फव्वाझ मुतलकचा. बाप जाऊन त्याला महिनाही झाला नव्हता. शोकाच्या तंबूच्या दाराशी तीन दिवस उभं राहून या पोरानं आल्यागेल्याला कडू कॉफी ओतली, डोळा ओला केला नाही. गावानं वाहवा केली. सगळ्यात जास्त त्याच्या काकानं, म्हणजे आमच्या गणिताच्या अवाद मास्तरांनी.

'लोकांसमोर रडणं मला जमत नाही.' यापुढे सुहैबनं पाच लिहिले होते, आणि समासात बारीक अक्षरांत: 'रोज गच्चीवर रडतो, पाण्याच्या टाकीमागे. काकांना कळू नये.'

त्याचं नाव कापायला कात्री उचलली, तेवढ्यात घंटा झाली. मी घाईत तासाला गेलो, कागद शिक्षकांच्या खोलीत टेबलावरच राहिला. परतलो तर अवाद मास्तर तो हातात घेऊन उभे.

"मास्तर, ते गुप्त असतं."

"वर माझ्या भावाचं नाव आहे. माझ्यापासून गुप्त?" आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. कागदाची घडी करून त्यांनी खिशात घातली.

दोन दिवसांनी सुहैब आला.

"उस्ताद, कोरा कागद द्या. तो चुकला होता."

"काका रागावले?"

"नाही. गच्चीच्या दाराला कुलूप लावलं."

उभ्याउभ्याच त्यानं कागद भरला. सगळीकडे सहा, समास स्वच्छ.

"झोप लागते का रे, बाळा?"

"हा प्रश्न यात नाही, उस्ताद," तो म्हणाला, आणि गठ्ठ्याच्या मधोमध कागद सरकवून वर्गात गेला.

मी तोच अम्मानला पाठवला.