विझवलेल्या कंदिलाची गोष्ट

मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो, भजनासारखी मन लावून ऐका. मी एक जुना चित्रकंदील आहे. अंग पत्र्याचे, नळी पितळेची, पोटात घासलेटाचा दिवा. दिव्यापुढे काचेवरचे चित्र सरकवले की ते पडद्यावर माणसाएवढे होऊन उमटे.

न्यूयॉर्कमधल्या निरनिराळ्या चर्चमध्ये मी फार मिरवलो. पाद्रीबाबा गात गात उपदेश करत, मंडळी मागून सूर धरत, आणि मी बेथलेहेमचा तारा दाखवी. लोक कौतुक करत. मी सुखावत असे.

पुढे माझे मालक एबेनसाहेब कॅमेरा घेऊन गरिबांच्या चाळींत शिरू लागले. तिथल्या आतल्या खोल्यांना खिडकीच नसे. साहेब डब्यातली मॅग्नेशियमची भुकटी पेटवून क्षणभर लख्ख उजेड करत आणि फोटो काढत. विनी केओ या धुणेवालीची खोली त्यांनी अशीच टिपली. तिची चार वर्षांची डेलिया सारखी खोकत असे. हवा-ऊन मिळाले तरच पोर वाचेल, असे डॉक्टर म्हणाले होते. पण घरमालक स्टाउट खिडकीसाठी भिंत फोडायला तयार नव्हते.

एका रविवारी संध्याकाळी चर्चमध्ये मी ती खोली दाखवली. साहेबांनी विनीला मुद्दाम बोलावले होते. डेलिया तिच्या मांडीवर होती. पहिल्या बाकावर बसलेले स्टाउट चित्र पाहून हसले.

"अहो, माझ्या दिवाणखान्यातसुद्धा एवढा उजेड नाही. खिडकी कसली मागता? भाडंच वाढवतो."

मंडळीही हसली. मला वाटले, आपली काच तडकून जावी. चित्र खरे होते, त्यातला उजेड तेवढा उसना होता.

विनी उठली. "मालक, तो उजेड साहेबांनी डब्यातून आणला होता. डोळा मिटेतो संपला. तेवढ्यात पोरगी विचारते, 'आई, आपली भिंत हिरवी आहे?' जन्मली तिथंच, पण भिंत तिनं तेव्हा पाहिली. आणि हिरवी कसली, बुरशी ती. साहेब, तुमचा कंदील विझवा. दुसरा दिवा लावू नका."

एबेनसाहेबांनी मला फुंकर मारली. अंधारात डेलियाचा खोकला तेवढा ऐकू येत होता. थांबेचना. शेवटी स्टाउटच म्हणाले, "पुरे झालं. कुणीतरी दिवा लावा."

"आम्ही कुणाला सांगायचं, मालक?" विनी म्हणाली.

ईस्टरच्या आधी स्टाउटनी ती भिंत फोडून खिडकी बसवली. हळूहळू शेजारच्या चाळींतही खिडक्या झाल्या. डेलिया आपल्या खिडकीत एकच उन्हाळा बसली, मग गेली. तिच्यामागून त्या खोलीत दुसऱ्यांची मुले वाढली, चांगली धडधाकट.

आज मी पोटमाळ्यावर गंजत पडलो आहे, पण खंत नाही. जन्मभर उजेड दिला, आणि देवाने खरे काम करून घेतले ते मला विझवून. मित्रांनो, दुःखाचे चित्र पाहून नुसते हळहळू नका, त्या दारापर्यंत जा. आणि सकाळी अंथरुणावर ऊन आले, की डेलिया केओची आठवण काढा.