शेवटच्या ओळीतले बुटके स्टूल

मित्रांनो, माझी उंची एक वीत आणि वर चार बोटे, एवढीच. मी लाकडी स्टूल आहे. किनवटच्या जंगलातले सागवान माझ्या अंगात आहे आणि धर्माबाद तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत माझे सगळे आयुष्य गेले आहे.

शाळेचे मुख्याध्यापक महादेवप्पा सर यांनी मला करून घेतले. माझे माप ऐकून सुतार मुनीब मिस्त्री हसू लागले.

"सर, हे काय माप हाय? बसलात तर गुडघे कानाला लागतील तुमचे."

"लागू द्या की. पोरं खाली पट्टीवर बसत्यात. मी खुर्चीवर बसलो तर मला निस्ती टाळकी दिसत्यात."

"मग खालीच बसा ना पोरांसंगं."

"खाली बसलो तर ह्या गुडघ्यानं उठता येत न्हाई. उठवायला मग तुम्हालाच बोलवावं लागंल, मिस्त्री!"

असा माझा जन्म झाला. सर रोज एका वर्गात जात. मला काखेत मारत, शेवटच्या ओळीशेजारी ठेवत आणि पूर्ण तास बसत. तास संपला की शिक्षकांना एवढेच विचारत, "आज पोरं कुठं अडली?" बोलणे झाल्याशिवाय ते शेरा वहीत एक अक्षर लिहीत नसत.

मी मात्र एकटेच असे. वर्गात पुढे पाहणारे पुष्कळ असतात. मागे काय आहे, हे सहसा कोणी पाहत नाही.

एका जूनमध्ये पुनम मॅडम आल्या. त्या दूरच्या औशाच्या. नवी नोकरी, भाड्याची खोली, ओळखीचे कोणी नाही. चौथीचा वर्ग त्यांना मिळाला. त्यात काही मुले घरी तेलुगू बोलणारी होती. मॅडम दार लावून शिकवत आणि दार उघडून बाहेर आल्या की त्यांचे डोळे लाल असत.

सर त्यांच्या वर्गात पहिल्यांदा बसले तो तास मला आठवतो. अपूर्णांक चालू होते. मॅडमनी प्रश्न विचारला की सगळे हात वर! एकही हात खाली नाही. ज्याला विचारावे त्याचे उत्तर बरोबर. सर खूश दिसले. पण मी जमिनीजवळचे, मला शेजारची अक्षरा दिसत होती. तिने डावा हात वर केला होता आणि उजव्या हाताने ती बसायच्या पट्टीचा दोरा ओढत होती.

सर वाकले. "अक्षरा, डावखुरी हाईस का गं?"

"न्हाई सर. ज्याला येतंय त्यानं उजवा, न्हाई येत त्यानं डावा. मॅडमनीच सांगितलंय."

मित्रांनो, वर्गात त्या दिवशी अठरा डावे हात होते.

तास संपल्यावर मुले खिचडीला गेली. मॅडम फळ्याजवळच उभ्या होत्या. त्यांनी टाचणवहीतून घडी केलेला कागद काढला.

"सर, राजीनामा लिहून ठेवलाय. मला हे जमत नाही. मी औशाला परत जाते."

सरांनी कागद घेतला नाही. "जायचं तर जा, मॅडम. पर उद्याचा एक तास द्या मला. उद्या मी शिकवतो, तुम्ही इथं बसा." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्यावर बसल्या. सरांनी फळ्यावर गोल काढले, रेघा मारल्या, रंगीत खडू वापरले. "कळलं का?" म्हटले की वर्ग ओरडे, "हाव सर!" मॅडम खाली मान घालून ऐकत होत्या. मग त्यांची नजर अक्षराच्या वहीकडे गेली. तिथे लिहिले होते, की एक चतुर्थांश हा एक द्वितीयांशापेक्षा मोठा.

"असं का गं?" मॅडमनी हळूच विचारले.

"चार मोठा असतोय ना दोनापेक्षा."

"मग सरांना हाव का म्हणालीस?"

"सगळेच म्हणून राहिले की."

तास संपताच मॅडम म्हणाल्या, "सर, मागच्या ओळीला काहीच कळलं नाही." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यांनी जीभ चावली.

सर खो खो हसले. "तीस वर्षं झाली मला शिकवून, अजून फसतो बघा. बरं, आता दोघं मिळून काय करायचं ते सांगा."

तिसऱ्या दिवशी मॅडमनी डब्यातली भाकरी वर्गात आणली. अर्धी एका हातात, चतकोर दुसऱ्या हातात. अक्षराला विचारले, भूक लागली तर कोणती घेशील? अक्षरा म्हणाली, "अर्धीच की मॅडम! चतकोर म्हंजे चौघांत वाटलेली." आणि मग तिने स्वतःच वही ओढून आपले उत्तर खोडले.

राजीनामा मॅडमनी दिला नाही. फाडलाही नाही. पुढची दोन वर्षे सर दर आठवड्याला त्यांच्या वर्गात बसत आणि मॅडम दर आठवड्याला थोड्या बदलत. आवाज कमी चढे. प्रश्न विचारून त्या थांबू लागल्या. कौतुक झाले ते मॅडमचे. माझ्यावर फक्त गुडघ्याच्या मलमाचा वास राहिला. पण ते माझे चांगले दिवस होते.

मग सर निवृत्त झाले. त्यांची जागा रिकामीच राहिली आणि कारभार शाळेतल्याच शेषेराव सरांकडे आला. माणूस भला, पण त्यांचा फोन सतत वाजतो. आज ही माहिती, उद्या तो फोटो. ते कोणाच्याच वर्गात बसेनात. मी तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत गेले. तिथे भिंतीपलीकडून वर्गांचे आवाज येतात, पण शब्द कळत नाहीत. सगळ्यात वाईट तेच होते.

गेल्या महिन्यात पुनम मॅडम त्या खोलीत आल्या. फोनवर त्यांचे वडील होते. औशाच्या एका कार्यालयात कामाची सोय झाली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर हवे होते. "सांगते, बाबा," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि त्या माझ्यावर बसल्या.

"दीड वर्षात माझा एक तास कुणी पाहिला नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "बरं शिकवते की वाईट, कुणाला ठाऊक?"

मग त्यांनी पदराने माझी धूळ पुसली आणि मला उचलून थेट शेषेराव सरांसमोर ठेवले.

"सर, शनिवारी माझ्या वर्गात येऊन बसा."

"मॅडम, काही तक्रार आली का तुमची?"

"नाही सर. म्हणूनच."

शनिवारी शेषेराव सर खरेच आले. भागाकार चालू होता. पाच मिनिटे ते अगदी मन लावून पाहत होते. मग फोन वाजला. "माहिती मागून राहिलेत वरून, आलोच," असे पुटपुटत ते गेले, ते परत आले नाहीत.

मॅडमनी उरलेला सगळा तास माझ्याकडे बघत शिकवला. रिकाम्या स्टुलाकडे. बाकी कुठे उरली ते एका मुलीला कळले नाही, तेव्हा त्या मागे आल्या आणि माझ्यावर बसून तिची वही पाहू लागल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी औशाला फोन लावला.

"नाही बाबा, इथंच राहते. अजून मला भागाकार नीट शिकवता येत नाही."

मित्रांनो, मी आता त्याच वर्गात मागे असते. बहुतेक दिवस माझ्यावर कोणी बसत नाही. माझी काळजी घेतली नाहीत तरी चालेल; सागवान आहे, टिकेन. पण जो तुम्हाला शिकवतो, तोही शिकत असतो, आणि एकट्याने शिकणे फार जड जाते. तुमचे मुख्याध्यापक वर्गाच्या दारावरून जाताना दिसले, तर त्यांना आत बोलवा. थोडे सरकून बसा. त्यांना जागा करून द्या.