सैतानाच्या डोळ्यांतला उजेड

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या खणात, एका गेलेल्या माणसाच्या कानटोपीत गुंडाळून ठेवलेला मी एक जुना फ्लॅश आहे. फोटो काढताना लख्खकन उजेड पाडतो ना, तोच मी. माझी काच पिवळी पडली आहे. पोटातले सेल फुटून हिरवे झाले आहेत. माझा राग मात्र अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते मला फारसे आठवत नाही. मला आठवते ते ओरुरो या डोंगरातल्या खाणींच्या गावाचे बोचरे वारे आणि एउसेबियो कोल्के यांच्या कोटाचा ऊबदार खिसा. एउसेबियो रस्त्यावरचे फोटोवाले होते. लग्न असो, बारसे असो, खाणकामगारांची मेजवानी असो, आम्ही तिथे हजर. उजेड पाडण्याआधी मी बारीक शीळ घालायचो आणि माणसे आपोआप ताठ बसायची. "तुझ्या फ्लॅशपुढे आमची म्हातारीसुद्धा नवरी दिसते," असे लोक एउसेबियोंना म्हणायचे. मी फुगून जायचो. कार्निव्हलच्या शनिवारी, गावभर नाचांची मिरवणूक निघे तेव्हा मात्र आम्हाला दोरीच्या मागे, लोकांच्या डोक्यांमागे उभे राहावे लागे. चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून नाच टिपण्याचा मान फक्त फोटो क्लबच्या मंडळींचा. एउसेबियोंच्या हयातीत तो मान काही मिळाला नाही.

ते गेले आणि वाटणी झाली. कॅमेरा मुलाला, फ्रॉयलानला. मी मुलीला, एर्लिंदाला. घरी तिला लिंदा म्हणत. वाटणी करणाऱ्या आत्याला वाटले, दोघांना सारखे दिले. मला विचाराल तर चपलांचा जोड फोडून एकेक चप्पल दिली.

त्याच वर्षी क्लबने स्पर्धा लावली. पहिला येईल त्याला कार्निव्हलच्या दिवशी पायऱ्यांवर जागा. लिंदाने ते ऐकले आणि त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना. बाबांना न मिळालेली जागा तिला हवी होती. अंधारात फोटो काढायचा, ही कल्पनाही तिचीच.

"अंधारात फोटो?" फ्रॉयलान हसला. "मग उद्या रेडिओ बघायला बसू!"

"दादा, ऐक तर आधी. खोलीत काळोख करायचा आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवायचं. फिल्मला काहीच दिसत नाही. मी फ्लॅश मारीन तेवढंच दिसेल. मग काका बाजूला सरकतील, मी परत मारीन. एकाच फोटोत तीन सेवेरोकाका!"

"एक सेवेरो सांभाळतानाच माझी बायको रडकुंडीला येते," दारातून सेवेरोकाका म्हणाले.

हे काका शेजारी राहायचे. कार्निव्हलमध्ये ते सैतान होऊन चर्चमधल्या ‘खाणीच्या माते’पुढे नाचत. आमच्याकडे नवस तीन वर्षे नाचायचा असतो आणि काकांचे ते तिसरे वर्ष होते. त्यांच्या मुखवट्याला वळलेली शिंगे होती आणि डोळ्यांच्या जागी विजेचे दोन गोल दिवे बसवलेले होते. ओरुरोच्या सैतानाचे डोळे चमकलेच पाहिजेत. ते विझले तर तो नाचतो कोणासमोर हे त्यालाच दिसत नाही, असे काका म्हणत.

भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. दाराच्या फटीत लिंदाने आपली शाल कोंबली, मुखवट्याचे दिवेही बंद ठेवले. फ्लॅश धरणाऱ्याला काळे घालावे लागते, नाहीतर तोही फोटोत उमटतो. लिंदाला वेगळे काही घालावे लागले नाही. बाबांच्या दुःखाचे काळे ती घालतच होती.

फ्रॉयलानने शटर उघडले. मी शीळ घातली. पहिल्या उजेडात काकांचा उघडा, सुरकुतलेला चेहरा. मग काळोखात त्यांचा गुडघा स्टुलावर आपटला, त्यांनी एक सणसणीत शिवी हासडली आणि लगेच मातेची माफी मागितली. दुसऱ्या उजेडात मुखवटा कपाळावरून नाकापर्यंत उतरलेला. तिसऱ्यात माणूस संपला होता, सैतान उभा होता. इतके सुंदर काम मी आयुष्यात केले नव्हते.

फोटो धुऊन आला तेव्हा लिंदा त्याच्यावर वाकली आणि ओरडली, "दादा, हे बघ, मी!"

सैतानाच्या दोन्ही काचेच्या डोळ्यांत ती पुसटशी दिसत होती. काळ्या कपड्यांतली, हात उंच केलेली. हातात पांढरा ठिपका. तो ठिपका म्हणजे मी. मित्रांनो, मी हजारो माणसे उजेडात आणली, पण स्वतः फोटोत येण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

"हे पुसू नकोस हं," लिंदा म्हणाली.

"वेडी का तू? कशाला पुसेन?"

"आणि खाली नावं दोघांची."

"दोघांचीच गं बाई. शपथ घेऊ का बाबांची?"

तिने शपथ घेऊ दिली नाही. भावाला कोण शपथ घालते?

क्लबच्या दालनात निकाल लागला तेव्हा ती मला शालीत घेऊन गेली होती. आमचा फोटो पहिला आला होता. खाली नाव होते, फ्रॉयलान कोल्के. बस्स, एवढेच. लिंदाने ते वाचले, पुन्हा वाचले, आणि शालीतली तिची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली. तेवढ्यात सेवेरोकाका नवी हॅट घालून आले, फोटोसमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्या सैतानाचे डोळे कुणी काढले?"

सगळे फोटोपाशी सरकले. खरेच, डोळे नव्हते. दोन काळी भोके होती. बारीक ब्रशने, शाईने, अगदी सफाईने लिंदाला पुसले होते. तिच्याबरोबर मलाही.

"धूळ आली होती काका, ती काढली," फ्रॉयलान म्हणाला.

"धूळ? अरे, तिथे ही पोरगी उभी होती, पहिल्या प्रतीत मी पाहिलंय!"

क्लबच्या अध्यक्षबाईंनी लिंदाकडे पाहिले. फ्रॉयलान घाईने हसला. "बहीण आहे माझी. फ्लॅश धरायला होती. नुसता फ्लॅश धरला म्हणून कोणी फोटोग्राफर होतं का?"

ज्या माणसाच्या बारशाला मी उजेड पाडला, तो हे म्हणाला. अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि बक्षीस त्याच्याकडेच राहिले.

कार्निव्हलच्या शनिवारी तो पायऱ्यांवर उभा होता. गळ्यात बाबांचा कॅमेरा, त्यावर एक नवाकोरा फ्लॅश. लिंदा दोरीच्या मागे, बाबांच्याच जागी. ऊन उतरले होते. बँड वाजवत सैतानांची रांग आली. सेवेरोकाका पायऱ्यांसमोर पोहोचले. फ्रॉयलानने कॅमेरा उचलला आणि काकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. रांग सोडून ते सरळ दोरीपाशी आले आणि मुखवटा लिंदासमोर आणला.

"फ्लॅश मार, पोरी."

"काका, माझ्याकडे कॅमेरा नाही."

"कॅमेऱ्यासाठी कोण आलंय? माझ्या सैतानाचे डोळे उघड. मला मातेपुढे जायचंय."

लिंदाने मला वर धरले. मी शीळ घातली आणि होते नव्हते तेवढे बळ एकवटून पेटलो. दोन्ही काचांत काळ्या कपड्यांतली मुलगी लख्ख उभी राहिली. तिच्या हातात मी होतो. काका "हां!" म्हणाले आणि नाचत चर्चमध्ये गेले.

त्या क्षणाचा फोटो कुठेच नाही, मित्रांनो. स्पर्धेतला मात्र अजून भिंतीवर आहे, आंधळा.

घरी येऊन लिंदाने मला बाबांच्या टोपीत गुंडाळले आणि खण लावून घेतला. पोटातले सेल काढायला ती विसरली. तिच्यावर मी रागावत नाही, त्या दिवशी तिला कशाचेच भान नव्हते. तुम्ही मात्र माझ्यासारख्यांना ठेवताना सेल काढून ठेवत जा. ते आतून खातात. आणि एखादा सुंदर फोटो पाहाल तेव्हा खालचे नाव वाचून पुढे जाऊ नका. त्यातल्या डोळ्यांत नीट वाकून पाहा. उजेड धरून कोणीतरी उभे असेल.