राहून गेलेली फणी

मित्रांनो, लाकडाची दोन कडी, एकात एक घट्ट बसणारी, आणि वर पितळेचा एक स्क्रू, एवढाच माझा देह. भरतकामाची रिंग म्हणतात मला. दोन कड्यांच्या मध्ये कापड घालायचं, स्क्रू पिळायचा, की कापड कसं ताठ होतं, आणि सुई खाली-वर जायला मोकळी. मला स्वतःला एक टाकाही घालता येत नाही. मी फक्त धरून ठेवते. आज मात्र माझ्यापाशी धरून ठेवलेली एक गोष्ट अशी आहे, की ती सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायचं नाही.

एका कारखान्यात लाकडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर नरम करून, साच्याभोवती वाकवून मला घडवलं. वाकताना फार दुखतं. पण एकदा गोल झालं की पुन्हा सरळ व्हावंसं वाटत नाही. घासून गुळगुळीत करणाऱ्या बाईनं मला शेवटी स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिलं. कुठं कुसळ लागलं नाही, तेव्हा कुठं तिनं मला खोक्यात टाकलं. तिथून एका दुकानातल्या खिळ्यावर, आणि खिळ्यावरून काजमावशीच्या हातात.

काजमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती एका शिंप्याच्या दुकानात शर्टांची काजं हातानं करायची, म्हणून सगळी गल्ली तिला तसंच हाक मारायची. शिंपी गिऱ्हाइकांना सांगायचा, "शर्ट फाटेल, पण मावशीचं काज उसवायचं नाही." दिवसभर लोकांची काजं करून ती घरी यायची, हातपाय धुवायची, आणि मला मांडीवर घ्यायची.

शेजारच्या काकू दारातून डोकावत म्हणायच्या, "अगं, दिवसभर सुई, आणि घरी आल्यावरही तीच सवत? कंटाळा कसा येत नाही तुला?"

"दिवसा मी सुईच्या मागं धावते, काकू," मावशी म्हणायची. "संध्याकाळी ती माझ्या मागनं येते. फरक आहे ना."

ते दिवस माझ्या सुखाचे होते. कापडातून दोरा ओढताना होणारा तो बारीक सुर्रर्र आवाज मला अजून ऐकू येतो. शिंप्याकडचे उरलेले दोरे, कुणी टाकलेल्या लोकरीची टोकं, जुन्या पडद्याचे तुकडे, असलं सगळं ती पदरात बांधून आणायची आणि त्यातून उशीवर वेली चढायच्या, रुमालावर मासे पोहायचे. बायका बघायला यायच्या आणि उलटी बाजू पाहून कापड पुन्हा सुलटं करून बघायच्या, कारण तिची उलटी बाजूही सुलटीइतकीच साफ असे. माझं लाकूड कापडाला घसरू लागलं, तेव्हा तिनं लेकीच्या आखूड झालेल्या फ्रॉकची एक पट्टी फाडली, पिवळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, आणि माझ्या आतल्या कड्याला गुंडाळली. तेव्हापासून मी ते कापड अंगावर वागवते आहे.

तिच्या दोन सवयी तेवढ्या सांगते. एक, उठताना कापड माझ्यातून काढून ठेवायचं, मग काम अर्ध्या पानापर्यंत आलेलं का असेना. तसंच ठेवलं तर कापडाला वळ पडतो. आणि दुसरी, चित्रातला जो भाग सगळ्यात आवडता, तो अगदी शेवटी भरायचा. फुलांच्या परडीत आधी परडी, मग पानं, मग देठ, आणि फुलं सगळ्यांत मागून. "गोड घास शेवटी," असं ती स्वतःशीच म्हणायची. ही दुसरी सवय पुढं तिच्यावर उलटेल, हे ना तिला ठाऊक होतं ना मला.

लेक तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. केस दाट आणि हट्टी, फणी आत शिरली की अडकायची. रोज सकाळी मावशी स्टुलावर बसायची, लेकीला पुढ्यात उभी करायची, आणि विंचरता विंचरता घराला हादरे बसायचे. एकीला कामावर जायची घाई, दुसरीचं रडणं. एक दिवस मावशी चुलीपाशी असताना लेकीनं भरतकामाची छोटी कात्री घेतली, वेणी मुळापाशी धरली आणि कापून काढली. ती वेणी तिनं आणून माझ्या शेजारी ठेवली.

"घे," ती म्हणाली. "आता विंचर."

मावशीचा हात वर गेला आणि लेकीच्या गालावर बसला. त्याआधी कधी नाही, त्यानंतर कधी नाही. लेक रडली नाही. मावशीच मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. दोघींनी पुढं त्या दिवसाचा विषय काढला नाही. लेकीचे केस मात्र कायम आखूड राहिले, आणि सकाळी स्टूल रिकामं.

लेक शिकली, लांबच्या शहरात नोकरीला लागली. मावशीचे डोळे थकले तशी लेक म्हणू लागली, "आई, माझ्याकडे चल."

"तुझ्या घरी मी बसू कुठं? तिथली खुर्चीसुद्धा मला अहो-जाहो करेल."

"थट्टा नको करूस. इथं एकटी काय करतेस?"

"शिवते."

"म्हणजे मी नको तुला. ह्या चिंध्या हव्यात."

"चिंध्या नाहीत त्या."

"मग काय आहेत?"

मावशी दोऱ्यांची टोकं गुंडाळून ठेवू लागली. काही माणसांचं असंच असतं, बोटांना सगळं येतं आणि जिभेला काही येत नाही. लेक बॅग उचलून गेली. नंतर फोन यायचे. "बरी आहेस?" "बरी आहे." "ठेवते." बस, एवढंच.

तेव्हा मावशीनं एक नवं पांढरं कापड काढलं आणि पाण्यानं पुसली जाणारी निळी पेन्सिल हातात घेतली. बरेच दिवस ती काढत होती आणि खोडत होती. शेवटी चित्र जमलं. स्टुलावर बसलेली एक बाई. तिच्या पुढ्यात उभी एक लहान मुलगी, केस मोकळे, थेट कमरेपर्यंत. बाईचा एक हात वर, त्या हातात फणी. आणि मुलगी रडत नाहीये, हसतेय.

"एका दिवशी हात उगारला," मावशी कापडाशी बोलावं तशी बोलली. "बाकीचे सगळे दिवस हाच हात तिच्या केसांत होता. ते तिला दिसायला हवं."

काकूंनासुद्धा तिनं ते दाखवलं नाही. "लेकीसाठी आहे. पुरं झाल्यावर बघा," एवढंच म्हणाली. मग आधी स्टूल भरलं. मग बाईचे कपडे, अंबाडा, चेहरा. मग तो वर गेलेला हात, बोटांसकट. फणीचे दात केसांवर यायचे होते, म्हणून आधी केस, मग फणी. आणि केस मुलीचे. मुलगी तर गोड घास. ती शेवटी.

एका दुपारी तिनं हाताचं शेवटचं बोट भरलं, मान वर केली, छातीवर तळवा दाबला आणि पाणी घ्यायला उठली. कापड माझ्यातच राहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भांडं पडल्याचा आवाज ऐकून काकू धावत आल्या. लोक आले, तिला घेऊन गेले. मी कापड ताठ धरून वाट पाहत राहिले. वळ पडेल, वळ पडेल, एवढंच माझ्या मनात. ती आली नाही.

लेक आली ती सगळं आटोपायला. घरमालकाला खोल्या लगेच हव्या होत्या. भांडीकुंडी वाटून झाली आणि ती शिवणाच्या टेबलापाशी आली. काकूंना म्हणाली, "हे बघत बसले तर मी इथनं उठायची नाही." आणि तोंड फिरवून, टेबलावरचं सगळं हातानं पिशवीत लोटलं. दोरे, सुया, बटणं, मी, आणि माझ्यातलं ते कापड. टेम्पो ते सामान एका जुन्या वस्तूंच्या दुकानात घेऊन गेला.

तिथं माझ्यासारखे कितीतरी होते. जोडीदार हरवलेल्या विणकामाच्या सुया, अर्ध्यावर सुटलेला एक लहानसा मोजा, बरण्या भरभरून बटणं. आम्ही एकमेकांशी बोलत नसू. काय बोलणार? सगळ्यांची कहाणी एकच.

मग एका लहान मुलीची, छोटीची, आई दुकानात आली. जुन्या शिवणसामानाचं तिला भारी वेड. छोटी दुपारी झोपली की जो काय तासभर हाती लागेल, त्यात ती टाके घालायची. दोऱ्याच्या एका रिळासाठी ती अख्खं खोकं उपसायची, आणि लेसचा तुकडा मिळाला तर खजिना सापडल्यासारखी हसायची.

"लोक काय काय टाकून देतात हो काका," ती दुकानदाराला म्हणाली.

"टाकत नाहीत, ताई," दुकानदार म्हणाला. "त्यांच्यामागं ते वापरणारं कुणी उरत नाही."

ती आम्हाला पिशवीसकट घरी घेऊन गेली. नवरा दारातच म्हणाला, "आपल्याला पाय पसरायला जागा नाही, आणि ही दुसऱ्यांच्या बटणांना आसरा देतेय." पण पिशवी त्यानंच वर ठेवली.

तिचा एक नियम होता, आणि नियम चांगलाच होता. जुनं सामान घरात आलं की आधी बादलीत. धूळ, कसर, कुणाकुणाच्या कपाटातला वास, सगळं जायला हवं. तेवढ्यात छोटी जागी होऊन रडायला लागली. एका हातानं तिला कडेवर घेत, दुसऱ्या हातानं तिनं माझा स्क्रू सैल केला आणि कापड काढलं. टाके पाहून तिचे डोळे चमकले. मग तिला त्या निळ्या रेघा दिसल्या. तिला वाटलं, डाग आहेत.

मित्रांनो, ती मनापासून धूत होती. डागांवर साबण लावून, टाक्यांना धक्का न लावता, बोटांच्या टोकांनी. मी टेबलावर कोरडी पडून पाहत होते. मोकळे केस गेले. हसू गेलं. फणी गेली. "बघ छोटी, कसं लख्ख निघालं," ती आनंदानं म्हणाली.

दोरीवर कापड वाळलं. स्टुलावर एकटी बाई आणि हवेत उचललेला हात. पुढं काही नाही. भोवती माझा गोल वळ तेवढा राहिला. इतके सुंदर टाके, पुढं काय भरावं हे तिला सुचेना, म्हणून तिनं ते तसंच भिंतीवर टाचून ठेवलं.

काही महिन्यांनी दार वाजलं. लेक होती. उरलेली कागदपत्रं आटपायला ती आली होती, तेव्हा काकूंनी तिला विचारलं होतं, "तुझ्यासाठी भरत होती ते मिळालं ना तुला? शेवटपर्यंत रिंगेतच होतं." टेम्पोवाल्याला गाठून ती दुकानात गेली होती, आणि दुकानदारानं तिला या घराकडं धाडलं होतं.

आत येताच तिची नजर माझ्यावर पडली. तिनं मला उचललं आणि चौकड्यांच्या पट्टीवर अंगठा फिरवला. "हा माझा फ्रॉक आहे," ती म्हणाली.

छोटीच्या आईनं भिंतीवरून कापड काढून तिच्या हातात दिलं. लेकीनं ते टेबलावर पसरलं. मग तिनं त्या हाताच्या पुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं अजून काही होतं का?"

छोटीच्या आईचा चेहरा उतरला. "निळं काहीतरी होतं. मला डाग वाटले. मी... मी धुतलं हो ते."

"काय होतं, आठवतंय?"

"नाही. मुलगी रडत होती. मी नीट पाहिलंच नाही."

लेक खाली बसली. "मला माहितीय काय आहे ते," ती हळूच म्हणाली. "तिनं मला एकदा मारलं होतं. एकदाच. मी विसरले होते. म्हणजे मला वाटायचं, विसरले. पण तिच्या मनात शेवटपर्यंत तेच राहिलं. बघा ना, हात कसा उगारलाय."

"असं कसं होईल, ताई? मारण्याचं चित्र कुणी इतक्या मायेनं भरतं का?"

"माझी आई तुम्हाला माहीत नव्हती."

मी ओरडले असते, मित्रांनो. लाकडाला ओरडता येत नाही. मी तिच्या हातात होते, तिच्या फ्रॉकची पट्टी अंगावर घेऊन, आणि खरं काय ते एकटी मी जाणत होते.

तिनं कापडाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मला मात्र टेबलावर ठेवलं. "ही राहू द्या तुमच्याकडे. मला शिवता येत नाही. माझ्या गाडीची वेळ झाली." छोटीची आई दारापर्यंत गेली, माफी मागत राहिली. लेक म्हणाली, "असू द्या हो. तुम्ही काय करणार?" जिना उतरतानाची तिची पावलं फार सावकाश होती.

त्यानंतर एका सकाळी छोटीची आई आरशासमोर बसून छोटीचे केस विंचरत होती. खिडकीत चिमणी आली म्हणून छोटी सटकली. आईचा हात फणीसकट तसाच हवेत राहिला. तिनं सहज आरशात पाहिलं, तर कापडावरच्या बाईचाच तो हात, आणि तो तिच्यानं खाली आणवेना.

"आई, विंचर ना," छोटी परत येऊन म्हणाली.

तिनं छोटीला कडेवर घेतलं आणि फणी हातात तशीच ठेवून दुकानाकडं धावली. दुकानदाराकडं लेकीचा पत्ता नव्हता. टेम्पोवाल्यानं मावशीचं घर दाखवलं, तिथं दुसरंच बिऱ्हाड होतं. काकू मुलाकडं राहायला गेल्या होत्या, कुठल्या गावी ते कुणाला सांगता येईना. शिंप्याचं दुकान बंद होऊन तिथं चपला विकत होते. अजूनही ती दुकानात जाते तेव्हा आधी विचारते, "त्या ताई आल्या होत्या का हो?" दुकानदार मान हलवतो. पूर्वीसारखी ती आता खोकी उपसत नाही. आणि घरी आलेलं जुनं कापड भिजवण्याआधी खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी काही शिवत, विणत, भरत बसलं असेल, तर खेळ सोडून एकदा जवळ जा आणि विचारा, हे काय चाललंय, कुणासाठी? पुरं झाल्यावर बघ, असं म्हणतील. ऐकू नका. त्याच दिवशी विचारून घ्या.

आणि आणखी एक. तुमची आत्या, तुमची मावशी, शाळेतल्या एखाद्या बाई, आखूड केसांची अशी कुणी असेल, जिच्या कपाटात स्टुलावर बसलेल्या एकट्या बाईचं अर्धवट भरतकाम घडी करून ठेवलेलं आहे, तर तिला एवढं सांगा. म्हणावं, तो हात मारायला उचललेला नाही. त्या हातात फणी आहे. आणि समोर तू उभी आहेस.