स्पार्क दादा आणि भाऊसोंची लाडी

कसबा बावड्यात भाऊसोंच्या नेट कॅफेसमोर गुरुवारी संध्याकाळी चपलांचा असा ढीग लागायचा, की येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं आत कुणाचा तरी साखरपुडा हाय. साखरपुडा कसला, आत शाळा-कॉलेजातली पोरं एकेका कॉम्प्युटरला चौघं-चौघं चिकटल्याली असायची. बाह्या कोपराच्या वर आणि हाताला पांढरी पावडर फासल्याली, तळायच्या आधी पिठात घोळल्याल्या मिरच्यांगत.

स्पीकरमधनं आवाज यायचा. "हॅलो माझ्या ठिणग्यांनो. मॉनिटर बंद करा. डोळे मिटा. बाहेर चप्पल काढली, तशी मनातली शंकासुद्धा बाहेर काढा. माझं नाव घ्या. आणि आता... बटन दाबा."

समद्यांनी एकदम बटन दाबलं की आतनं 'धम्म' असा आवाज व्हायचा, काच चुरचुरायची, आणि काळ्या पडद्यातनं हळूहळू स्पार्क दादा वर यायचा. लाल केलेले केस, गॉगल आणि पुढं केलेला उघडा तळवा. पोरं आपला हात त्या तळव्यापुढं न्यायची, तर हातावरचा केस न् केस ताठ. बोट टेकवलं की चट्ट. एखादी पोरगी तर रडायलाच लागायची. दादा पोचला म्हणायची.

दोन हजार आठ सालची दिवाळी नुकती झाली हुती. ह्या दादाला कुणी बघितलेलं न्हवतं. कोण म्हणायचं पुण्याचा हाय, कोण म्हणायचं दुबईचा. ऑर्कुट ह्या साइटवर त्याची कम्युनिटी हुती, तिथं तो सांगायचा केसांना काय लावायचं, मनगटाला काय बांधायचं, कुठल्या दोस्ताला तोडायचं, आणि पोरं तसं करायची. नियम बी एकेक इरसाल. मॉनिटर जुना फुगीरच पायजे, नव्या चपट्या पडद्यावरनं म्हणे शक्ती घसरून पडते. हाताला पावडर पायजे, ती शुद्धी. आणि पावसाळ्यात दादा मौनात असतो.

क्रांतीला पहिल्यांदा हे ऐकून हसूच आलं. ती विमा कचेरीत कारकून, नवरा प्रसेनजीत साखर कारखान्यात. गळीत हंगाम चालू झाल्याला, त्यामुळं तो घरी आला की नुसता झोपायचा. त्यांचा एकुलता एक आर्यन, दहावीला. तो पण ठिणगी. क्रांतीनं मनाशी म्हटलं, आपण बी ह्या वयात कंपासपेटीत क्रिकेटवाल्यांचे फोटो चिकटवलेच की. पोराला एक खूळ असू दे. आणि खरं सांगायचं तर पोरगा खूश दिसत हुता, हे तिला लई वाटायचं. कारण आर्यनला लहानपणापासनं फिट यायची. गोळ्यांनी दोन वर्षं थांबल्याली, तरी शाळेत त्याचं नाव 'फिटवाला' ते 'फिटवाला'च. त्या कम्युनिटीत मात्र तो 'टॉप ठिणगी' हुता.

मग एका रविवारी सकाळी आर्यन अंगणात ब्रश करता करता आडवा झाला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शेजारचे पिराजीमामा पायातलं कोल्हापुरी पायताण काढूनच धावत आले, नाकाला लावायला. क्रांतीनं एका हातानं पोराला कुशीवर वळवलं, डोक्याखाली पदर दिला आणि दुसऱ्या हातानं मामांना अडवलं.

"मामा, ते पायात घाला. ते पायासाठीच केलंय."

मामा म्हणाले, अगं, जुनी माणसं काय येडी हुती व्हय? हे पायताण, कांदा आणि देवऋषी तिनं आजवर कितींदा दारातनं परत लावलेले. तिच्या सासऱ्यांनी छप्पन सालीच घरातले देव पंचगंगेत सोडले हुते. त्या घराला गंडादोरा माहीत न्हवता.

पोरगं शुद्धीवर आलं, झोपलं. क्रांती विचार करत बसली, गोळ्या चालू असताना फिट आली कशी? आणि त्याचं तोंड पुसून गळ्याला पावडर लावायला म्हणून डबा उचलला, तर डबा खडखडला. पावडर कधी खडखडते का? तिनं वरचं झाकण उपसलं. आत पांढऱ्या गोळ्या, पावडरीत लोळत पडल्याल्या.

उठल्यावर आर्यननं खाली मान घालून सगळं सांगितलं. दादानं त्याला स्वतः ऑर्कुटवर स्क्रॅप, म्हंजे निरोप, पाठवला हुता: 'गोळी म्हणजे डाउट. डाउट आला की कनेक्शन तुटतं.' त्यानं गोळ्या सोडल्या. एवढंच न्हाय, भाऊसोंच्या वेबकॅमवर व्हिडिओ केला, मी दादामुळं बरा झालो म्हणून. तो दादानं कम्युनिटीत सगळ्यात वर लावला हुता. आणि खाली फिट येणारी दुसरी पोरं विचारत हुती, आम्ही पण सोडू का?

क्रांतीला हात उगारावा वाटला, पण ती म्हणाली, "फिट का आली मग?"

"माझ्यात डाउट असंल."

"आणि केस उभं ऱ्हातात, ते?"

"ते तर खरंय की, आई. तू ये बघायला. खोटं असंल तर आख्खी डबी गोळ्या खातो."

"आख्खी नको. रोजच्या खा म्हंजे झालं. येतो मी गुरुवारी."

तोवर मात्र तिनं रोज समोर बसून गोळी गिळायला लावली. आणि कचेरीत फायली लावता लावता तिला दादाचे नियम आठवायला लागले. फुगीर काच. कोरडा हात. पावसात बंद. हा कसला देव, जो दमट हवेला भितो? मग एकदम तिला माहेरचा टीव्ही आठवला. ती परकरी पोर असताना संध्याकाळी टीव्ही लावला की काचेवरची धूळ फडक्यानं पुसायचं काम तिच्याकडं. फडकं फिरलं की चुरचुर आवाज, आणि हातावरची लव उभी. बहिणी-बहिणी त्यात गाल घालायच्या गुदगुल्या व्हायला. तवा टीव्हीवर शेतकऱ्यांचा कार्यक्रम असायचा, खतावरचा.

गुरुवारी ती आर्यनला घेऊन कॅफेत गेली. पोरांची तोंडं उतरली, कुणाची आई आली म्हणून. क्रांती भाऊसोंना म्हणाली, भाऊजी, दादाचा फोटो ऱ्हाऊ दे. तुमच्या लाडीचा लावा.

लाडी म्हंजे भाऊसोंची म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला बावड्यात म्हशी नटवून मिरवत्यात, तवाचा तिचा फोटो भाऊसोंनी कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवल्याला. शिंगं रंगवल्याली, गळ्यात कवड्यांची माळ. भाऊसो जरा कावरेबावरे झाले, गिऱ्हाइकं तुटायची भीती. पण लाडीचं नाव निघाल्यावर त्यांना न्हाय म्हणवंना. फोटो पडदाभर लागला.

आर्यन म्हणाला, "पण आवाज दादाचा लागतो."

"भाऊजी, तुम्ही हाळी मारा. लाडीला मारता तशी."

मॉनिटर बंद झाला. पोरांनी पावडर फासली, काहींनी हसत हसत डोळे बी मिटले. भाऊसोंनी घसा खाकरून मनापासनं हाळी दिली, "आ लाडेऽ आ... हुर्र... दाबा बटन."

धम्म. काच चुरचुरली. काळ्यातनं लाडीचं तोंड वर आलं, ओल्या नाकपुड्या आणि ते दोन शांत डोळे. आर्यननं तिच्या नाकापुढं हात नेला.

केस ताठ. बोट टेकवलं, चट्ट.

मागनं एकजण पुटपुटला, दादाची शक्ती म्हशीत बी उतरली असंल. क्रांतीनं भाऊसोंना कॉम्प्युटरची मागची वायर काढायला लावली. आता पडद्यावर ना दादा, ना म्हैस. बटन बंद, बटन चालू. केस उभे. मग भाऊसोंनी ओल्या फडक्यानं काच पुसली, आर्यननं हात ओला केला. सगळे केस आडवे. दादाची आख्खी शक्ती एका फडक्यात गेली.

क्रांती म्हणाली, "आर्या, कंगवा डोक्याला घासून कागदाचे तुकडे उचलायचास, ते का उचलायचे?"

"कंगव्यावर विजेचा भार जमतो म्हणून." बोलता बोलताच त्याचा हात काचेवरनं खाली आला. "म्हंजे काचेवर बी तोच. बटन दाबलं की आतली वीज काचेवर भार जमवती. केस कोरडा असला की खेचला जातो. म्हणून पावडर. म्हणून पावसाळ्यात मौन. आणि चपट्या पडद्यात ती पिक्चर ट्यूबची नळीच न्हाय."

"मग धम्म?" दर गुरुवारी रडणारी एक पोरगी विचारायला लागली. भाऊसो म्हणाले, ते मॉनिटर चालू होताना आतली तार एकदा झटका खाते, त्याचा आवाज. मेकॅनिकनं कवाच सांगितलं हुतं. मग तुम्ही बोलला का न्हाई, असं क्रांतीनं विचारल्यावर मात्र ते वायर गुंडाळत बसले.

आर्यन वेबकॅमपुढं बसला. आख्खी शाळा हे बघणार, हे त्याला ठावं हुतं. क्रांती कॅमेऱ्यात दिसणार न्हाय अशी बाजूला उभी ऱ्हायली, पाण्याची बाटली घेऊन.

"मी आर्यन. मी खोटं बोललो हुतो. मला फिट येते. गोळी सोडली म्हणून परत आली." त्यानं गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यालं, आणि तोंड उघडून दाखवलं. त्यामागं लाडीचा फोटो जोडला आणि प्रयोग कसा करायचा ते लिहून कम्युनिटीत टाकलं.

दादानं ते अर्ध्या तासात उडवलं आणि आर्यनला कम्युनिटीतनं हाकललं. पण तेवढ्यात पोरांनी ते उतरवून घेतलं हुतं. घरोघरी कुणी मांजर लावलं, कुणी मुख्याध्यापकांचा फोटो, कुणी वांगं. सगळ्यांतच शक्ती निघाली. शाळेत 'फिटवाला' म्हणणारे थोडे उरले, पण उरले.

आठवड्याभरात इचलकरंजीच्या एका अनोळखी पोरीचा स्क्रॅप आला. आर्यननं तो आईला वाचून दाखवला: 'मी पण गोळ्या सोडलेल्या. आजपासून परत चालू केल्या.'

क्रांतीनं तो परत एकदा वाचायला लावला.

तर दोस्तहो, दादा आवडू द्या, त्याचे केस आवडू द्या, खुशाल लाल करा. पण अंगावर काटा आला म्हंजे समोरचा खरा, असं न्हाई. कुणी हात पुढं करून चमत्कार दाखवला आणि औषध सोड म्हणाला, तर पाया पडायच्या आधी त्याच्या जागी एकदा म्हैस लावून बघा.