डेलियावरचा चतुर

बागेतलं जुनं तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करायच्या, असं कमिटीनं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. त्या तळ्यावर अठरा वर्षं राबलेल्या माळीणबाई मात्र हटून बसल्या. इथे तांबडा चतुर आहे, आसपास दुसरीकडे कुठेच उरलेला नाही, म्हणाल्या. कमिटी म्हणाली, फोटो आणा, पानगळ संपायच्या आत. चतुर दिसला तर तळं राहील.

आता फोटो बाईंकडे होता की! मोबाइलवर काढलेला. सुक्या काडीवर बसलेला चतुर, मागे तळ्याची फुटकी पायरी. जरा हललेला, पण तांबडा तो तांबडाच. तो त्यांनी दिराला दाखवला आणि तिथेच घात झाला. दीर म्हणजे बडं प्रस्थ. किड्यांचे फोटो काढून काढून मान वाकडी झालेली, पण तोरा ताठ.

"वहिनी, हा पुसून टाका. लोक हसतील तुम्हाला."

बाईंनी पुसला. कॅमेऱ्यातलं आपल्याला काय कळतंय, असं वाटलं त्यांना. वाटायला नको होतं.

भाऊजींनी चतुर जाळीत धरला, डबीत घातला आणि घरी फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवला. गारठला की किडा हलत नाही, ही त्यांची नेहमीची युक्ती. सकाळी तो बधिर जीव त्यांनी आपल्या अंगणातल्या डेलियावर मांडला, रंग खुलतो म्हणून. वर फवाऱ्यानं दव.

"भाऊजी, हा फुलावर कधी बसत नाही हो."

"तुम्ही छत्री धरा."

फोटो असा आला की बघत राहावं. चतुर काही पुन्हा उडाला नाही. त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आणि तळ्यावरचे उरलेसुरलेही गेले.

कमिटीनं बोलावलेल्या कीटकतज्ज्ञ बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. "याच्या पायांनी फूल धरलेलंच नाही. गारठवून बसवलाय. हा तुमच्या तळ्यावरचाच कशावरून?" मग जरा मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "तिथल्या तिथे काढलेला एखादा साधा फोटो नाही का? हललेला असला तरी चालेल."

माळीणबाईंनी दिराकडे पाहिलं. भाऊजी लेन्स पुसत होते.

सोमवारी पंप लागला. दुपारपर्यंत तळ्यात नुसता चिखल उरला. बाई गुडघाभर चिखलात उतरून बेडूक बादलीत भरत होत्या, तेवढ्यात भाऊजी कॅमेरा घेऊन काठावर आले.

"वहिनी, थांबा जरा. उचलू नका. एवढे बेडूक एका जागी परत मिळायचे नाहीत."

त्यांचं तोंड धरून चिखलात दाबावं, असं बाईंना वाटलं. पण दिराला उलट बोलायचं जन्मात जमलं नव्हतं.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"ऊन आहे तोवर."

ऊन होतं तोवर बाई बादली धरून उभ्या राहिल्या. मग मातीच्या गाड्या आल्या.